नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य: प्रवेशाची पावती आणि पाणथळीचे मोल

नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात मी गेल्या सहा वर्षांत अकरा वेळा गेले आहे, आणि दर वेळी परतीच्या वाटेवर एक हिशेब अपुरा राहतो. प्रवेशद्वारावर पैसे दिले, पावती घेतली, वाटाड्याला त्याचे मानधन दिले. पण हे पैसे नेमके कशाचे दिले? पक्षी पाहण्याचे दिले म्हणावे, तर पक्षी काही त्या पावतीवर जगत नाहीत. ते ज्या पाण्यावर, गाळावर आणि पाणवनस्पतींवर जगतात, त्यांचा भार दुसरेच कोणी उचलत असते. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते आणि पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा पेपर माझ्याकडे असतो. त्यामुळे येथील सेवा कशी आहे हे सांगताना, त्या सेवेचे मोल बरोबर लावले गेले आहे का, हा प्रश्न मला बाजूला ठेवता येत नाही.

प्रथम जागेविषयी. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरी आणि तेथून गोदावरी ओलांडून सायखेड्यावरून पुढे गेले की सुमारे चाळीस किलोमीटरवर चापडगावचा परिसर लागतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, तो सिंचनासाठी. कोपरगाव-राहात्याकडे जाणाऱ्या गोदावरी कालव्यांचे पाणी येथूनच वळते. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणकणीस आणि लव्हाळे माजले, आणि माणसाने पिकांसाठी अडवलेल्या पाण्यावर हिवाळी पाहुण्यांचे गाव वसले. त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने निफाडला पाऊस फारच कमी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरडवट मुलुखात असे पाणी मिळणे ही पक्ष्यांसाठी मोठीच सोय ठरली. १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. २०१९ मध्ये १,४३७ हेक्टर क्षेत्राची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाली आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान निफाड तालुक्याला मिळाला. लोणार आणि ठाण्याची खाडी या यादीत त्यानंतर आली.

आता प्रत्यक्ष अनुभव. यंदा डिसेंबरमधल्या एका रविवारी मी, माझी चौदा वर्षांची मुलगी आणि ठाण्याहून खास आलेला माझा थोरला भाऊ असे तिघे सूर्योदयाच्या आत पोहोचलो. वेळेचे हे पथ्य पाळावेच, कारण नऊनंतर ऊन चढते, पाण्यावर चकाकी येते आणि पक्षीही दूर सरकतात. सोबतीला मिळालेला वाटाड्या परिसरातल्याच गावचा, तिशीच्या आतला तरुण होता. त्याने पहिल्या दहा मिनिटांतच आमची दुर्बीण मुलीच्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे जुळवून दिली, आणि एवढ्यावरूनच तो किती जणांना घेऊन फिरला असेल ते कळले. "मॅडम, उजवीकडे लव्हाळ्याच्या कडेला बघा, जांभळी पाणकोंबडी देठ सोलून खाते आहे," असे तो हलक्या आवाजात सांगे, आणि नंतर गप्प राही. हे गप्प राहणे मला त्याच्या ज्ञानाइतकेच मोलाचे वाटले. निरीक्षण मनोऱ्यावरून तलवार बदकांचे आणि थापट्यांचे मोठे थवे, वारकरी पक्ष्यांची काळी दाटी, शेकाट्यांच्या लाल पायांची रांग, चक्रवाकाच्या जोड्या, चमच्यासारख्या चोचीने पाणी ढवळणारे दर्विमुख आणि एकदा सगळ्या बदकांना एका क्षणात उठवून गेलेला भोवत्या हा शिकारी पक्षी असे सारे दोन-अडीच तासांत पाहायला मिळाले. रोहित पक्षी या खेपेस दिसले नाहीत. ते दिसतीलच असे सांगून कोणी नेत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

वाटाड्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण येथील अनुभवाचा कणा तोच आहे. चार वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका सहल-आयोजकाबरोबर येथे आले होते. त्यांनी माणशी घेतलेली रक्कम या वेळच्या आमच्या तिघांच्या एकूण खर्चाहून अधिक होती. सोबत आलेल्या गृहस्थांना हळदी-कुंकू बदक आणि मादी तलवार बदक यांतला फरक सांगता आला नाही. आमची बस साडेनऊला पोहोचली, जेवणाचे डबे नाशिकहूनच आणले होते, आणि परिसरातल्या गावात आमच्यापैकी कोणी चहासुद्धा घेतला नाही. पैसा भरपूर खर्च झाला. तो ज्या गावांच्या शेजारी ही पाणथळ आहे, त्या गावांपर्यंत पोहोचला नाही. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. एखाद्या ठिकाणामुळे किती उलाढाल झाली हे सांगणारा आकडा वाचताना, त्यातले किती रुपये त्या ठिकाणी उतरले हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. म्हणून या जागेविषयी माझी पहिली शिफारस हीच आहे: स्वतःच्या वाहनाने किंवा चार-पाच जण मिळून जा, आणि वाटाड्या तेथलाच घ्या.

परतल्यावर मी आमच्या सकाळचा हिशेब मांडला. पेट्रोल, चहा-नाश्ता, प्रवेशशुल्क, वाटाड्याचे मानधन असे मिळून आम्हा मायलेकींच्या वाट्याला १,४५० रुपये आले, आणि त्यातले प्रवेशद्वारावर व वाटाड्याकडे गेलेले पैसे एक तृतीयांशाहूनही कमी होते. भावाचा हिशेब वेगळा होता. ठाण्याहून येण्याजाण्याचे पेट्रोल आणि पथकर धरून त्याचे ३,२०० रुपये झाले. राहिला तो आमच्याकडे, म्हणून निवासाचा खर्च नव्हता. तेच पाणी, तेच पक्षी, तीच पावती. तरी एकाने दुप्पटीहून अधिक खर्च केला आणि तो आनंदाने केला. या फरकातूनच निसर्गस्थळाचे मोल काढण्याची एक जुनी रीत निघाली आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने अर्थशास्त्रज्ञांना विचारले होते की उद्यानांचा लाभ पैशांत कसा सांगावा. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी पत्राने उत्तर दिले: उद्यानाभोवती अंतराप्रमाणे वर्तुळे कल्पा, प्रत्येक वर्तुळातून लोकसंख्येच्या मानाने किती माणसे येतात ते मोजा, आणि त्यांचा प्रवासखर्च हीच त्यांनी मोजलेली किंमत समजा. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी ही रीत प्रत्यक्ष आकडेमोडीत उतरवली, आणि आज ती प्रवासखर्च पद्धत म्हणून ओळखली जाते.

नांदूर मध्यमेश्वरसाठी हे कसे लागू पडेल ते पाहणे माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी आवडते. पहिले वर्तुळ निफाड-सिन्नरचे, दुसरे नाशिक शहराचे, तिसरे मुंबई-ठाणे-पुण्याचे. जसजसे अंतर वाढते तसतशी दर हजारी येणाऱ्यांची संख्या घटते, आणि त्या घटीवरून मागणीची रेषा काढता येते. जो माणूस पाच हजार रुपये खर्च करायला तयार होता पण ज्याला दीड हजारातच हे सुख मिळाले, त्याच्या पदरी साडेतीन हजारांचे समाधान उरले. याला पाठ्यपुस्तकात उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात, आणि पाणथळीने पाहुण्यांना दिलेला खरा लाभ तो. प्रवेशद्वारावर जमा होणारा पैसा त्याचा फार लहान तुकडा असतो.

पण या पद्धतीची खोट या जागी जशी दिसते तशी पुस्तकात दिसत नाही. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी शिर्डीला जाऊन मग ठाण्याला परतला. आता त्याच्या ३,२०० रुपयांपैकी पक्ष्यांचे किती आणि साईबाबांचे किती? नाशिक जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांच्या यात्रेत त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी किंवा शिर्डी असतेच, तेव्हा हा प्रश्न अपवादाचा राहत नाही. दुसरे असे की वेळेचीही किंमत धरावी लागते, आणि तिच्यासाठी माणसाच्या वेतनदराचा एक तृतीयांश भाग धरण्याचा प्रघात आहे. परंतु मनोऱ्यावर बसलेले माझे अडीच तास हा खर्च होता की प्राप्ती, हे कोणत्याही सूत्राने ठरणार नाही. आणि तिसरी खोट सर्वांत मोठी. ज्याचे घर बांधापलीकडेच आहे, त्याला येथे यायला एक पैसाही लागत नाही. या पद्धतीने त्याच्यासाठी पाणथळीचे मोल जवळजवळ शून्य भरते, आणि ठाण्याहून मोटारीने येणाऱ्या माझ्या भावाचे मत गावकऱ्याच्या मतापेक्षा हजारो पटींनी जड होते.

जे डोळ्यांना दिसत नाही तेही या हिशेबात येत नाही. रामसरच्या नोंदीत या स्थळावर ५३६ जातींची गणना आहे, आणि तीत देवळालीचे नाव लाभलेला एक लहानसा मासाही आहे. तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याला पाहायला नाशिकहून कोणी गाडी काढत नाही. म्हणून प्रवासखर्चाच्या तराजूत त्याचे वजन काहीच नाही. १९६७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी मांडले की एखादी गोष्ट आपण कधीही वापरणार नसलो तरी ती जगात आहे एवढ्यानेच माणसाला तिचे मोल वाटते. या अस्तित्वमूल्याला पैशांत उतरवण्यासाठी लोकांना थेट विचारावे लागते. अलास्काच्या किनाऱ्यावर १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून तेल सांडले, तेव्हा त्या किनाऱ्यावर कधीही पाऊल न टाकलेल्या लोकांचे नुकसान मोजावे का, हा वाद इतका वाढला की केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिने १९९३ मध्ये सांगितले की काटेकोर नियम पाळून विचारले तर अशी उत्तरे विचारात घेण्याजोगी असतात.

त्याच नोंदीत गिधाडांच्या दोन जाती आहेत. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या कड्यांवर ज्यांनी गिधाडे घिरट्या घालताना पाहिली असतील, त्यांना हे जवळचे वाटेल. जनावरांना दिल्या जाणाऱ्या आणि त्यांची मढी खाताना पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने मेली; पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला की २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली. कुजणारी ढोरे उघड्यावर राहिली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. या हानीची किंमत त्यांनी वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर काढली. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा वर्ग शांत होतो, कारण गिधाड हा पक्षी कोणी पैसे देऊन पाहण्याजोगा मानत नाही, आणि तरी तो गेल्यावर एवढे देणे आपल्यावर आले.

आता पाण्याकडे येते, कारण या पाणथळीचे सर्वांत मोठे काम पक्ष्यांना आसरा देण्याचे नसून पाणी सांभाळण्याचे आहे. रामसरच्या वर्णनातही पुराच्या पाण्याला सामावून घेणारी जागा असा तिचा उल्लेख आहे. गंगापूर, दारणा आणि पालखेड ही धरणे भरली की सोडलेले पाणी येथे एकत्र येते आणि येथून जायकवाडीकडे निघते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणारे नांदूर मध्यमेश्वरच्या विसर्गाचे आकडे नाशिकपासून पैठणपर्यंत सगळे वाचतात. उथळ, पसरट, वनस्पतींनी भरलेले पात्र पाण्याचा वेग मोडते, गाळ खाली बसवते आणि खालच्या गावांना थोडी उसंत देते. हे काम सिमेंटच्या भिंतींनी करायचे ठरवले तर किती खर्च येईल, तो खर्च म्हणजे या सेवेची किंमत, अशी एक रीत आहे. तिला प्रतिस्थापन खर्चाची पद्धत म्हणतात.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहते, आणि तिच्यावरून घाईने पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या गाळाने ही पाणथळ घडवली, तोच गाळ बंधाऱ्याची साठवण कमी करतो, आणि पाणी वर फुगले की चांदोरी व सायखेडा भोगतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या गावांना पाण्याने वेढले होते. त्या दिवसांत पुलावरून गेलेले पाणी मी स्वतः पाहिलेले नाही, पण माझ्या दोन विद्यार्थिनींची घरे तेथे आहेत आणि त्यांच्या वह्या-पुस्तकांचे काय झाले ते मी पाहिले. गाळ काढा ही मागणी म्हणून परिसरात ऐकू येते, आणि ती पक्ष्यांच्या वैऱ्यांची मागणी नाही. सरसकट गाळ काढला तर उथळ बेटे जातील आणि शेकाट्यांना उभे राहायला जागा उरणार नाही. मुळीच काढला नाही तर वरच्या गावांच्या अंगणात पाणी येत राहील. कोणता भाग किती खोल करायचा, कोणती बेटे राखायची, हे ठरवताना दोन्ही बाजूंचे नुकसान आणि लाभ एका तागडीत ठेवावेच लागतात. मोल काढण्याच्या शास्त्राचा खरा उपयोग मला अशा ठिकाणी दिसतो. केवळ पाणथळ अमूल्य आहे असे म्हणून सायखेड्यातल्या माणसाला उत्तर मिळत नाही.

मनोऱ्यावरून उतरल्यावर कडेच्या शेतात एक वयस्कर शेतकरी हरभऱ्याला पाणी देत होते. मुलीला भूक लागली होती, त्यांनी आपणहून मूठभर घाटे तोडून दिले, आणि बोलणे सुरू झाले. मी वर्गात विचारते तोच प्रश्न त्यांना विचारला: आबा, हे पक्षी दरवर्षी येत राहावेत म्हणून तुम्ही वर्षाला किती द्यायला तयार व्हाल? ते हसले नाहीत, नीट विचार करून म्हणाले, "ताई, मी तर देतोच आहे. कडेचा वाफा त्यांचाच असतो, क्रौंच उतरले की त्यात काही राहत नाही. तुम्ही उलटं विचारा. हा वाफा त्यांच्यासाठी सोडायला मला कोण किती देणार आहे?" अर्थशास्त्रात देण्याची तयारी आणि स्वीकारण्याची तयारी असे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे फार वेगळी येतात, हे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. त्या वेगळेपणाचे कारण मात्र त्या सकाळी आबांनी मला समजावले. पहिला प्रश्न विचारताच पक्षी दुसऱ्याचे ठरतात आणि शेतकरी गिऱ्हाईक ठरतो; दुसरा प्रश्न विचारला की शेत त्याचे ठरते आणि आपण गिऱ्हाईक होतो. प्रश्न कोणता विचारायचा हे ठरवणाराच निम्मा निकाल देऊन मोकळा होतो. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीतही हेच लागू पडते.

आणखी एक गिऱ्हाईक आहे, ज्याची पावती कधीच फाडली जात नाही. ते म्हणजे आमचे नाशिक शहर. शहरातून पुढे वाहणारी गोदावरी आमचे सांडपाणी घेऊन याच पाण्यात येते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाणवेली माजतात, आणि रामसरच्या नोंदीतही या स्थळापुढचा धोका म्हणून पाणवेलीचे नाव आहे. पाणकणीस आणि लव्हाळे या सांडपाण्यातले काही नत्र-स्फुरद शोषून पाणी निवळतात. म्हणजे जे काम शुद्धीकरण केंद्राने करायचे, त्यातला काही भाग ही पाणथळ फुकट करते. युगांडाची राजधानी कंपाला येथील नाकिवुबो दलदलीच्या बाबतीत १९९९ मध्ये हा हिशेब झाला होता. शहराचे सांडपाणी निवळण्याचे तिचे काम वर्षाला सुमारे १० लाख ते १७.५ लाख डॉलर किमतीचे भरले, आणि ती बुजवून जमीन करण्यापेक्षा राखणे शहराच्याच फायद्याचे आहे हे दिसले. नाशिकच्या घरपट्टीत किंवा पाणीपट्टीत नांदूर मध्यमेश्वरचा एक रुपयाही वेगळा दाखवला जात नाही. तो दाखवला जावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या घरातून निघालेले पाणी कोण निवळते आणि त्याबद्दल त्याला काय मिळते, हे बिलावर छापलेले दिसले तर शहरातली माणसे ते वाचतील.

सरकारदरबारी अशा किमतीची सवय नाही असे नाही. वनजमीन अन्य कामासाठी वळवताना निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या वनापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरून घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयातल्या वनरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणातून आली. प्राध्यापिका कांचन चोप्रा यांच्या समितीने २००६ मध्ये त्याची मांडणी केली आणि २००८ मध्ये न्यायालयाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरवले. अभयारण्यासाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. पुढे हे दर वाढले. माझे काही विद्यार्थी लगेच १,४३७ हेक्टरांना या दराने गुणून मोकळे होतात. तसे करू नये. हे दर वनांसाठी, त्यांच्या प्रकारानुसार आणि घनतेनुसार आहेत. पाणथळीचे काम वेगळे, तिच्यातले पाणी ऋतूप्रमाणे पसरते व आटते, आणि तिचा लाभ घेणारे तीन जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. रॉबर्ट कॉन्स्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्थांच्या सेवा वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरच्या असल्याचे सांगितले, तेव्हा साऱ्या जगाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ लाख कोटी डॉलर होते. त्या आकड्याने जग जागे झाले हे खरे, पण एका जागचा दर दुसऱ्या जागी उचलून लावण्याची ढिलाईही त्यातून पसरली. निफाडचा हिशेब निफाडलाच बसून करायला हवा: येथले पाणी मोजून, येथल्या वाफ्यांचे नुकसान लिहून, येथल्या वाटाड्यांची कमाई विचारून.

ज्यांना फक्त जायचे कसे एवढेच हवे आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, जमल्यास आठवड्याच्या मधला दिवस निवडा. सूर्योदयाला तेथे असा. कपडे मातकट रंगाचे, गाडीतले गाणे बंद, दुर्बीण असेल तर आणा आणि नसेल तर वाटाड्याकडे चौकशी करा. थंडी चांगलीच असते. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो तो उगाच नाही. लहान मुलांना जरूर न्या, पण मनोऱ्यावर एका वेळी थोडेच जण चढा. खाणे बरोबर असले तरी चहा तेथल्या गावात घ्या. कचरा परत आणा. दूरचे पक्षी पाहून निराश होणाऱ्यांनी आणि मोबाइलवर जवळचे छायाचित्र हवे असणाऱ्यांनी अपेक्षा थोड्या आवराव्यात. येथे पाणी मोठे आहे आणि पक्षी आपल्या सोयीने बसत नाहीत.

सेवेचा दर्जा म्हणाल तर वाटाड्याचे ज्ञान आणि वागणूक यांना मी पूर्ण गुण देते. प्रवेशशुल्क मला कमी वाटते. ते बाहेरून येणाऱ्यांसाठी वाढवावे, आसपासच्या गावांतल्या आणि शाळांच्या मुलांसाठी मुळीच घेऊ नये, आणि वाढीव रक्कम कडेच्या शेतांच्या भरपाईसाठी ठेवून दर वर्षी किती जमले व कोणाला गेले हे प्रवेशद्वारावर लिहावे, असे मी सुचवेन. पक्ष्यांच्या चित्रांशेजारी एक साधी आकृतीही हवी, जिच्यात गंगापूरपासून जायकवाडीपर्यंतचे पाणी आणि मध्ये ही पाणथळ काय करते ते दाखवलेले असेल. असा फलक मुलीने घरी येऊन वहीत काढला आहे. तिने त्यात शहराच्या नळापासून सुरुवात केली आहे आणि आबांच्या वाफ्याला हिरवा रंग दिला आहे. फेब्रुवारीत पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे परतण्याआधी आम्ही पुन्हा जाणार आहोत, तेव्हा ती वही त्या वाटाड्याला दाखवायची असे तिने ठरवले आहे, आणि मी आबांना विचारणार आहे की यंदा त्या कडेच्या वाफ्यात किती हरभरा हाती आला.